कार्डाच्या पाठीवर

बाळ झोपलं की घरात काय काय ऐकू यायला लागतं, ते आई झाल्याशिवाय कळत नाही. नळाचा थेंब, शेजारच्या पंख्याची कुरकुर, आपल्याच गुडघ्याचं कटकन वाजणं. धाकटीला तर पेन्सिलीचाही आवाज मोठा वाटायचा. म्हणून ती हल्ली मऊ शिसाची पेन्सिल वापरायची आणि खोडायची वेळ आली तर खोडत नसे, नुसती काट मारायची.

धाकटी हे काही तिचं नाव नव्हे. शब्दकोशाच्या कार्यालयात ती सगळ्यांत शेवटी लागली, म्हणून धाकटी. तिच्यामागून सहा वर्षांत कुणाची भरतीच झाली नाही, त्यामुळे ती धाकटीच राहिली. आता नऊ महिन्यांच्या मुलीची आई झाली तरी. त्यांचा कोश इतका सावकाश चालायचा की, "मुंगी बरी, ती निदान वारुळापर्यंत पोचते," असं तिथलीच माणसं म्हणायची.

बाळंतपणाची रजा संपली तेव्हा मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्य संपादकांनी, तिला समोर बसवून सांगितलं होतं, "घरी काम द्यायची आपल्याकडे पद्धत नाही. तुझ्यासाठी एकदा वाट वाकडी करते. एक शब्द घेऊन जा. तीन आठवडे. नोंद चोख आली तर पुढचे शब्दही घरी मिळतील. नाही आली, तर मुलीला कुणाकडे ठेवायचं ते तू बघ."

बघ म्हणायला काय जातंय? नवरा दोन दिवसांच्या प्रवासाइतक्या लांब, पुलाच्या कामावर. तो तीन-चार महिन्यांतून एकदा यायचा, आणि आला की पहिले दोन दिवस मुलगी त्याला बघून भोकाड पसरायची. सासूबाई थोरल्या दिरांकडे अंथरुणाला खिळलेल्या. आई तर धाकटी शाळेत असतानाच गेली. तेव्हा बघायचं कुणाकडे, तर छताकडे.

शब्द मिळाला होता चौकट.

"सोपा दिलाय," बाई म्हणाल्या होत्या. "चार बाजू, चार कोपरे. हरवणार नाहीस."

पत्र्याच्या लांबट पेटीत दोनशे अकरा कार्डं होती. प्रत्येक कार्डावर डोक्याशी शब्द, खाली तो ज्या वाक्यात सापडला ते वाक्य, त्याखाली पुस्तक, पान, साल. बाळ झोपलं की धाकटी पलंगावरच कार्डांच्या गड्ड्या लावत बसायची. दार-खिडकीची लाकडी चौकट, ही सगळ्यांत जाड गड्डी. ती बाळाच्या पायाशी. तसबिरीची चौकट उशीजवळ. पत्त्यांतली चौकट, म्हणजे त्या लाल चौकटच्या दुर्री-तिर्री, मांडीवर. वर्तमानपत्रात रेघा मारून वेगळा छापतात तो मजकूर, कापडावरच्या चौकटी, कायद्याची चौकट. सातवी गड्डी होती चौकटीत जगणाऱ्यांची आणि चौकट मोडून निघालेल्यांची. मोडणारे पुष्कळ होते. मोडून झाल्यावर त्यांच्या पोरांना कुणी सांभाळलं, ते एकाही कार्डावर नव्हतं.

मुलगी झोपेत पाय झाडायची आणि दाराखिडक्या तसबिरींत मिसळायच्या. मग पुन्हा पहिल्यापासून.

आणि आठव्या अर्थाचं कार्ड एकच होतं.

"चौकट धरणे – येणाऱ्याची वाट पाहत दारातून न हलणे." खाली वाक्य: "दिवे लागले तरी याचा पत्ता नाही, आणि मी आपली कधीची चौकट धरून उभी." त्याखाली पुस्तकाचं नाव, 'मागल्या दाराची गोष्ट', पान एकसष्ट.

धाकटीने ते वाचलं आणि आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं.

रोज संध्याकाळी साडेसहाला ती मुलीला कडेवर घेऊन दारात जायची. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. त्या वेळी जिन्यात पावलं वाजायची. वरच्या मजल्यावरचे गृहस्थ यायचे, समोरची नर्स यायची, कुणाच्या हातात भाजीची पिशवी, कुणाच्या काखेत वर्तमानपत्र. "काय म्हणतेय छोटी?" एवढं विचारून ते पुढे जायचे. कुणीच तिच्याकडे येणारं नसायचं. तरी ती उभी असायची आणि उजवा हात आपोआप चौकटीवर जायचा. खांद्याच्या उंचीवर जिथे रंगाचा पोपडा उडाला होता, तिथेच. तो पोपडा आपणच उडवला असावा, असं तिच्या आज पहिल्यांदा लक्षात आलं.

हा अर्थ नोंदीत जायलाच हवा, असं तिने ठरवून टाकलं.

पण कोशाचे दोन नियम होते. पहिला, दोन लेखी दाखले नसतील तर अर्थ घ्यायचा नाही. कुणी म्हणताना ऐकलं, आमच्या आत्या म्हणायच्या, हे चालत नसे. "ऐकलेलं हवेत जातं, लिहिलेलं कपाटात," असं मोठ्या बाई म्हणायच्या. दुसरा नियम, कुठलंही कार्ड फेकायचं नाही. नोंदीत घेतलं नाही तर का घेतलं नाही ते त्याच्या पाठीवर लिहायचं, खाली सही करायची, आणि कार्ड पेटीत परत. "आपल्याकडे माणूस निवृत्त होतो, कार्ड होत नाही," हाही तिथलाच विनोद.

दुसरा दाखला शोधायचा म्हणून धाकटी आधी पहिल्याच पुस्तकाकडे गेली. कार्यालयाची ग्रंथयादी तिच्याकडे होती. यादीत ते पुस्तक नव्हतं. मुलगी वरणभात गालाला फासत असताना तिने वाचनालयात फोन लावला. तिथल्या बाईंनी दोन दिवसांनी उलट फोन केला. "अहो, मागल्या दाराची नाही आणि पुढल्या दाराचीही नाही. असं पुस्तकच दिसत नाही कुठे. नाव नीट लिहून घेतलंत ना?"

नाव नीटच होतं. ते कार्ड काकांच्या हातचं होतं.

काका म्हणजे कार्यालयातले कार्डलेखक. चौतीस वर्षं त्यांनी तेच केलं. पुस्तकं वाचायची, वाक्यं उतरवायची. छापल्यासारखं अक्षर. चार वर्षांपूर्वी ते निवृत्त झाले तेव्हा हिशेब निघाला होता, चाळीस हजारांवर कार्डं. कार्यालयात म्हण पडली होती, देव चुकेल पण काकांचं कार्ड चुकणार नाही. दुसऱ्या कुणाचं कार्ड असलं तर मूळ पुस्तक काढून ताडून बघायचं. काकांचं कधी कुणी ताडलं नव्हतं.

आपलंच काही चुकत असेल, असं धाकटीला वाटलं. पुस्तक सापडेना तर निदान हा प्रयोग कुणी करतं का, तेवढं तरी बघू.

रस्त्यापलीकडे इमारत उभी राहत होती. भिंती अजून यायच्या होत्या. नुसत्या सपाट लादीवर, टेकू लावून, दारांच्या चौकटी उभ्या केल्या होत्या. आत खोली नाही, बाहेर अंगण नाही, मध्येच एक दार. धाकटी मुलीला घेऊन तिथे गेली. सुतार ओळंबा सोडून एक डोळा मिटून बघत होता.

"दादा, एक विचारायचं होतं. तुमच्यात चौकट धरणं असं म्हणतात का?"

"म्हणायचं काय त्यात? धरतात की." त्याने डोळा उघडला नाही. "टेकू बसेपर्यंत एकाने धरावीच लागते. सोडली की गेली. तुमच्याकडे काय काम निघालंय?"

"काम नाही. म्हणजे, कुणाची वाट बघत उभं राहिलं तर चौकट धरली असं म्हणतात का, एवढंच हवं होतं."

आता मात्र त्याने दोन्ही डोळे उघडले आणि आधी तिच्याकडे, मग मुलीकडे पाहिलं. "नाही बुवा. वाट बघणाऱ्याला आमच्यात बिनकामाचा म्हणतात." मग त्यालाच कसंतरी वाटलं असावं. "पण खोटं नाही हां ते. लहानपणी बापाने मला एकदा चौकट धरायला लावली आणि खिळे आणायला गेला तो गप्पांतच रंगला. हात भरून आले. हलायची सोय नाही. रडलो होतो मी."

"हे कुठे लिहून ठेवलंय का कुणी?"

"माझं रडणं?" सुतार हसला. "लिहायचं असतं तर भिंतीवर लिहिलं असतं. भिंत कुठे होती?"

तीन आठवड्यांतले पाच दिवस उरले. त्या दुपारी मुलगी झोपली तेव्हा धाकटीने काकांना फोन लावला. वाजला मात्र, तोच उचलला गेला.

"कोण? धाकटी? आपली धाकटी? अगं, वाजला तेव्हा मला वाटलं चुकूनच लागला कुणाचा तरी. छकुली कशी आहे? दात आले? आमच्याकडे नळाला पाणी फार बारीक येतं हल्ली. मी काय म्हणत होतो..." काही म्हणत नव्हते. नुसतं बोलायचं साठलं होतं. मांजराबद्दल बोलले, चष्म्याबद्दल बोलले. धाकटीने बोलू दिलं. तिलाही त्या दिवशी मोठ्या माणसाचा हा पहिलाच आवाज होता.

मग तिने पुस्तकाचं नाव घेतलं.

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"कुठली पेटी आहे तुझ्याकडे?" काकांनी विचारलं.

"चौकट."

"उद्या येतो," ते म्हणाले.

आले ते धुतलेला सदरा घालून, मुलीसाठी लाकडी खुळखुळा घेऊन. खुर्चीच्या अगदी कडेला बसले, वसतिगृहाच्या अधीक्षकांपुढे बसावं तसे. धाकटीने चहा ठेवला, बिस्किटं ठेवली, आणि ते कार्ड टिपॉयवर ठेवलं. काकांनी चष्मा काढला, पुसला, लावला. वाचायची त्यांना गरज नव्हती.

"असं पुस्तक नाही," ते म्हणाले. "मी रचलं."

पलंगावर मुलगी खुळखुळा चोखत बसली होती.

"तुझ्या काकूचं वाक्य आहे हे. सुताराची मुलगी ती. लहानपणी बापाच्या कामावर चौकट धरायला हीच असायची. सोडली तर पडेल, म्हणून कुणी येईपर्यंत हलायचं नाही. मी कार्यालयातून उशिरा जायचो गं. एक पान, अजून एक पान, असं करत. घरी गेलो की दारात असायची. दिवे लागले तरी याचा पत्ता नाही, आणि मी आपली कधीची चौकट धरून उभी. रोजचं. मी हसण्यावारी न्यायचो. तिच्याखेरीज दुसरं कुणी असं म्हणताना मी ऐकलं नाही."

"मग?"

"मग गेली. अठरा वर्षं झाली. कामावर परत रुजू झालो त्या दिवशी समोर कोऱ्या कार्डांचा गठ्ठा. जगभरच्या लोकांची वाक्यं मी उतरवलेली, आणि हिचं एक नाही. नियम तर ठाऊकच, ऐकलेलं चालत नाही. छापील पाहिजे. तेव्हा हात वाकडा गेला. एकदाच गेला. पुढे रोज वाटायचं, आज काढून घेतो. पेटीपर्यंत जायचो आणि परत यायचो. काढलं असतं तर ती कुठेच उरली नसती."

धाकटीच्या डोळ्यांपुढे चाळीस हजार कार्डं आली. एक खोटं निघालं की उरलेल्यांवर कोण विश्वास ठेवणार? म्हण उलटी फिरायला वेळ लागत नाही. या माणसाकडे आता एक मांजर, एक नळ आणि तेवढी एक म्हण, एवढंच तर उरलं होतं. आणि तिची सही असलेल्या नोंदीत खोटा दाखला गेला आणि पुढेमागे कुणी ताडला, तर ना पुढचे शब्द, ना घरी बसून काम.

विचार करून ती म्हणाली, "काका, यातून वाट आहे. दुसरा दाखला मिळाला नाही, असं मी पाठीवर लिहिते. खोटंही नाही ते. नाहीच मिळाला. कार्ड पेटीत जाईल, पेटी कपाटात. कोण बघतंय? अळीमिळी गुपचिळी."

काकांनी कार्ड हातात घेतलं. त्यांचं तोंड हळूच सैल झालं, औषध लागू पडल्यावर होतं तसं. मग त्यांनी विचारलं, "खाली सही कुणाची?"

"माझी. नोंद माझी आहे ना."

"म्हणजे माझी चोरी तुझ्या पदराखाली." त्यांनी मान हलवली. "उद्या कुणी पुस्तक शोधलं तर विचारतील, हिला ठाऊक होतं का? नाही पोरी. मुलीला मांडीवर घेऊन काम करतेस तू. पेन दे."

"काका, नीट विचार करा. चाळीस हजार..."

"ते मला माहीत आहे. लिहिली मीच आहेत."

तिने पेन दिलं. काकांनी कार्ड उलटं केलं आणि छापल्यासारख्या अक्षरात लिहिलं, "या नावाचं पुस्तक नाही. ते मी रचलं. वाक्य माझ्या पत्नीचं आहे. तिने ते मला तोंडी, अनेक वेळा सांगितलं." खाली सही, तारीख. मग फुंकर मारून शाई वाळवली, चौतीस वर्षांच्या सवयीने. चहा तसाच राहिला होता. निघताना त्यांनी मुलीच्या डोक्यावर हात ठेवला, आणि बराच वेळ चप्पल सापडेना, पायाशीच होती तरी.

नंतरचे तीन दिवस ते कार्ड टिपॉयवर होतं. गॅसवर टाकलं असतं तर कुणाला कळलं असतं? पेटीतली कार्डं मोजलेली होती हे खरं, पण नऊ महिन्यांच्या बाळाने एखादं खाल्लं म्हटलं असतं तरी बाईंनी विश्वास ठेवला असता. तिच्या मनात ते दहादा येऊन गेलं. नवऱ्याचा फोन आला तेव्हा सांगावंसंही वाटलं, पण पलीकडे यंत्रं घरघरत होती, "ऐकू येतंय का? बरी आहेस ना?" यापुढे गाडी जाईना. बरी आहे, म्हणाली. चौथ्या दिवशी तिने सात अर्थांची नोंद पूर्ण केली, आठवं कार्ड पाठ वर करून पेटीत सगळ्यांत पुढे ठेवलं आणि मुलीला पोटाशी बांधून पेटी स्वतः कार्यालयात देऊन आली.

मोठ्या बाईंचा फोन दोन दिवसांनी आला.

"नोंद चांगली आहे," त्या म्हणाल्या. "ते कार्ड पुढे ठेवायची काय गरज होती? मध्ये कुठेतरी घालायचंस."

"मध्ये घातलं असतं तर लपवलं असतं, बाई."

"हं. मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर एकोणीस वर्षं बसले. हात चालायचा तेव्हा डबा खायलाही उठायचे नाहीत." कागद चाळल्याचा आवाज आला. "सगळी कार्डं ताडावी लागणार. पेटीमागून पेटी. चाळीस हजार. कुणी करायला तयार नाही, म्हणजे ते तुझ्याच गळ्यात. घरी. मुलगी शाळेत जाईपर्यंत पुरेल."

धाकटी पलंगावर बसली. काम राहिलं होतं. आनंद व्हायला हवा होता.

"आणि काका?"

"त्यांना पत्र गेलंय. कार्यालयात येऊ नका म्हणून. नियम आहे." पुन्हा कागद. "त्यांच्या पेट्यांत कुठलं पुस्तक कुठे मिळेल ते फक्त त्यांनाच माहीत, ती पंचाईत आहेच. तुझ्या घरी कोण येतं, कोण चहा पितं, हे मी विचारत नाही. ठेवते."

पहिली पेटी मंगळवारी आली. धाकटीने काकांना फोन केला. या वेळी तो बराच वाजला. "मी येऊन काय करू आता?" ते म्हणाले. "माझंच काम मीच तपासू? चोराच्या हाती किल्ली कशाला देतेस?"

"तपासणार मी. तुम्ही फक्त पुस्तक कुठे मिळेल ते सांगायचं. आणि मुलीला धरायचं. पाचला या."

येतो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत.

पाच वाजले. साडेपाच झाले. मुलगी उठली, खाल्लं, सांडलं. साडेसहाला जिन्यात पावलं वाजायला लागली. धाकटी तिला कडेवर घेऊन दारात आली. वरच्या मजल्यावरचे गृहस्थ गेले. नर्स गेली. "काय म्हणतेय छोटी?" जिन्याच्या खिडकीतून दिसणाऱ्या समोरच्या इमारतीत विटांचा पहिला थर आला होता, चौकटी गुडघ्यापर्यंत भिंतीत गेल्या होत्या. दिवे लागले. मुलगी जड झाली होती, तिने तिला दुसऱ्या कडेवर घेतलं. सात वाजले. आता आत जावं, असं वाटलं आणि पाय निघेना.

खाली कुणीतरी एकेक पायरी मोजल्यासारखं चढत होतं. वळणावर आधी टक्कल दिसलं, मग चष्मा. काका कठड्याला धरून थांबले, दम खात.

"उशीर झाला गं," ते वर न बघताच म्हणाले. "दोनदा येऊन कोपऱ्यावरून परत गेलो. तू दारात का उभी?"

"दिवे लागले तरी तुमचा पत्ता नाही," धाकटी म्हणाली, "आणि मी आपली कधीची चौकट धरून उभी."

काका तिथेच राहिले, एक पाय वरच्या पायरीवर आणि एक खालच्या. अठरा वर्षांत त्यांना हे कुणी म्हटलं नव्हतं. मुलीने त्यांच्या दिशेने खुळखुळा फेकला. तो पायऱ्यांवरून वाजत वाजत खाली गेला. ते वळले, खाली गेले, तो उचलला, सदऱ्याला पुसला आणि पुन्हा वर यायला लागले.

"आलो," ते म्हणाले. "सोड आता."